अंकुशकृमी आणि कागदावरचं अवघड नाव

प्रश्न : आम्ही रामटेक तालुक्यातले, धानाची शेती. आषाढात रोवणीच्या वेळी सासूबाईंच्या पायाच्या बेचक्यांत पुरळ येऊन खाज सुटली होती. आता जिना चढला की दम लागतो. हिमोग्लोबिन ७.४ निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर 'अँकायलोस्टोमियासिस' लिहिलं, लॅबच्या रिपोर्टात 'हुकवर्म ओव्हा' आहे. हे दोन आजार आहेत का? शौचात जंत तर कधी दिसला नाही.

उत्तर : आजार एकच, अंकुशकृमीचा. 'हुकवर्म' हे त्याचंच इंग्रजी नाव, 'ओव्हा' म्हणजे अंडी. ग्रीकमध्ये 'अँकिलोस' म्हणजे वाकडं, 'स्टोमा' म्हणजे तोंड. आपला 'अंकुश' त्याच घराण्यातला. काटेकोर बोलायचं तर अँकायलोस्टोमा जातीच्या अंकुशकृमीमुळे होतो तो अँकायलोस्टोमियासिस, निकेटर जातीच्या कृमीमुळे होतो तो निकेटोरियासिस. पण दोन्ही जातींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात, म्हणून लॅब फक्त 'हुकवर्म' लिहिते. औषधही तेच.

जंत दिसत नाही, कारण जेमतेम सेंटीमीटरभराचा हा किडा लहान आतड्याला चावून चिकटलेला असतो. अँकायलोस्टोमा जातीचा एक किडा रोज सुमारे ०.२ मिली रक्त घालवतो. शंभर असले तर वीस मिली. बेचक्यांतली खाज ही बहुधा अळ्या कातडीतून शिरल्याची खूण. तिथून त्या रक्तावाटे फुफ्फुसात, मग घशात येऊन गिळल्या जातात. अंडी शौचात दिसायला पाच ते आठ आठवडे लागतात. मात्र ७.४ एका रोवणीत सहसा होत नाही. दरवर्षी नव्या अळ्या शिरत असाव्यात. विदर्भात सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही एकदा करून घ्यावी.

गोळी अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, एकदाच. काही किडे तगतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी शौच पुन्हा तपासा. नमुना ताजाच द्या. रात्रभर उबेत राहिला तर अंडी फुटून अळ्या निघतात आणि निदान भलतीकडे जातं. घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी नको.

खरी चूक पुढे होते. जंत गेले म्हणून लोहाची गोळी थांबवतात. गेलेलं लोह जंताच्या गोळीने परत येत नाही. हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही तीन महिने लोह चालू ठेवा. चहासोबत नको, संत्र्यासोबत चालेल. शौच काळं होईल, घाबरू नका.

आणि बांधीच्या धुऱ्यावर शौचाला बसणं बंद करा. ओल्या सावलीच्या मातीत अळ्या तीन-चार आठवडे जगतात. चिखलात चप्पल टिकत नाही, तिथे गमबूटच हवेत.