शमुवेल, सॅम्युअल आणि सामाजी

एका वाचकाने विचारलं आहे: मराठी बायबलात ‘शमुवेल’, शाळेच्या दाखल्यावर ‘सॅम्युअल’ आणि मुंबईच्या जुन्या इतिहासात ‘सामाजी’ अशी नावं दिसतात. ही तिन्ही एकच का? आणि बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये या नावाचा अर्थ ‘देवाने ऐकले’ असा देतात, तो खरा का?

तिन्ही नावं एकच. अर्थाचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही, म्हणून आधी तेच घेतो.

मूळ हिब्रू नावात पाच अक्षरं आहेत: शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद. शेवटची दोन मिळून ‘एल’, म्हणजे देव. दानिएल, गब्रिएल, मीखाएल, इस्राएल या सगळ्यांच्या शेवटी तोच ‘एल’ आहे. वाद आहे तो आधीच्या ‘शमू’बद्दल. ऐकणे या अर्थाचा हिब्रू धातू ‘शमा’सारखा ऐकू येतो खरा, पण त्याच्या शेवटी ‘आयिन’ नावाचं एक कंठातलं व्यंजन असतं. मराठीत ते नाहीच, आणि आजचे बरेच हिब्रू भाषकही ते उच्चारत नाहीत. लिहिताना मात्र ते गाळता येत नाही. अब्राहामाच्या दासीला, हागारेला, दूत सांगतो की मुलाचं नाव इश्माएल ठेव, कारण परमेश्वराने तुझं दुःख ऐकलं आहे. त्या इश्माएलात आयिन आहे. लेआ आपल्या दुसऱ्या मुलाचं नाव शिमोन ठेवते, तेही परमेश्वराने ऐकलं म्हणूनच, आणि तिथेही आयिन आहे. शमुवेलात नाही. तेव्हा ‘देवाने ऐकले’ हा अर्थ खरा तर इश्माएलाचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या इस्माईलचा. शमुवेलाला तो लावायचा तर एक अख्खं व्यंजन वाटेत गळून पडलं असं मानावं लागतं, आणि ती मला ओढाताण वाटते.

मग ‘शमू’ म्हणजे काय? बहुतेक अभ्यासकांचा कल ‘शेम’कडे आहे. शेम म्हणजे नाव. मधला ‘ऊ’ हा जुन्या सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातल्या, भाषांमधला कर्त्याचा विभक्तिप्रत्यय आहे. पुढे हिब्रूतून तो गेला, पण काही जुन्या नावांच्या पोटात टिकून राहिला. रिबकेचा बाप बथुवेल, त्याच्या नावातही तो दिसतो. या अर्थाला बायबलाबाहेरचा आधारही आहे. ख्रिस्तपूर्व एकोणिसाव्या शतकात मेसोपोटेमियातल्या लार्सा नगरावर सुमू-एल नावाचा राजा होता आणि त्याच सुमाराला बाबिलोनमध्ये सुमू-ला-एल. ही दोन्ही अमोरी नावं आहेत, आणि अमोरी या हिब्रूच्या कुळातल्या भाषेत ‘सुमू’ म्हणजे नाव. शमुवेल संदेष्ट्याच्या कितीतरी शतकं आधी या घडणीची नावं रूढ होती. तेव्हा अर्थ ‘देवाचं नाव’ किंवा ‘(त्याचं) नाव एल’ असा काहीतरी. मराठी माणसाला हे समजावायला फार लांब जावं लागत नाही: नाम आणि देव हे दोन शब्द शेजारी ठेवून आपणही एक नाव केलं आहेच. समासाचा प्रकार वेगळा, पण घटक तेच.

अरबीतही हेच घटक सापडतात. हिब्रू ‘शेम’चं अरबी भावंड म्हणजे ‘इस्म’, आणि ‘एल’च्याच कुळातला ‘इलाह’ हा ‘अल्लाह’ शब्दात आहे. आपण सहज तोंडात घेतो त्या ‘बिस्मिल्ला’मध्ये हे दोन्ही नातेवाईक एकत्र बसलेले असतात.

आता गंमत अशी की खुद्द बायबल यातला एकही अर्थ सांगत नाही. शमुवेलाचं पहिलं पुस्तक उघडलं की हन्ना भेटते. एलकानाची ही बायको, तिला मूल नाही आणि सवत पनिन्ना तिला टोचून बोलते. शिलोच्या मंदिरात ती मनातल्या मनात नवस बोलते. ओठ हलतात पण आवाज नाही, म्हणून एली याजकाला ती प्यायलेली वाटते. पुढे मुलगा होतो आणि ती त्याचं नाव शमुवेल ठेवते. कारण काय देते? मी त्याला परमेश्वरापाशी मागून घेतलं. मागणे या क्रियापदाला हिब्रूत ‘शाअल’ म्हणतात, आणि त्यात ‘शमुवेल’ सिद्ध व्हावा असं काही नाही. त्यातून सिद्ध होतं ते दुसरंच नाव, शौल. हिब्रूत ‘शाऊल’, म्हणजे मागितलेला, मागून घेतलेला. आपल्याकडचा नवसाजी म्हणा ना. इतकंच नाही, त्याच अध्यायाच्या शेवटी हन्ना मुलाला परमेश्वराच्या स्वाधीन करते तेव्हा मूळ हिब्रूत शब्दशः ‘तो शाऊल आहे’ असंच वाक्य येतं. मराठीत वाचताना हे कळणं शक्य नाही, कारण भाषांतरात तिथे अर्थ येतो, ध्वनी येत नाही.

यावरून काही अभ्यासकांनी तर्क केला की ही जन्मकथा मुळात इस्राएलाचा पहिला राजा शौल याची असावी आणि नंतर कोणीतरी ती शमुवेलाच्या नावावर चढवली. तर्क चतुर आहे, पण मला तो पटत नाही. याच शमुवेलाकडे पुढे लोक राजा ‘मागायला’ येतात, तिथेही तोच धातू, आणि त्याच्याच हातून शौलाचा अभिषेक होतो. जो मुलगा मागून घेतला, त्याच्याच डोक्याला पुढे मागून घेतलेल्या राजाचा ताप. ज्या कथाकाराला इतकं रचता येतं, तो नावांची अदलाबदल नकळत करील असं वाटत नाही. आणि ‘ऐकणे’ही त्याने सोडलेलं नाही. तिसऱ्या अध्यायात रात्री हाक येते. पोराला वाटतं एलीच बोलावतोय, तीनदा धावत जातो, आणि शेवटी म्हणतो, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ याद्यांमधला ‘देवाने ऐकले’ हा अर्थ बहुधा या प्रसंगाने आणि हन्नेच्या प्रार्थनेने मिळून लोकांच्या मनात पक्का केला. यास्कांचं निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा जुना ग्रंथ, ज्याने चाळलं आहे त्याला यात नवल वाटू नये. तिथेही एका शब्दाच्या दोन-तीन व्युत्पत्ती शेजारीशेजारी नांदतात. व्याकरणाच्या काटेकोरपणापेक्षा नावातून काय काय ऐकू येतं याला मोल असतं. म्हणून कोणी बारशाला ‘देवाने ऐकले’ असा अर्थ सांगितला तर मी मध्ये तोंड घालणार नाही. कोशात लिहायचं झालं तर मात्र ‘देवाचं नाव’ हेच.

रूपांकडे येतो. ग्रीकमध्ये ‘श’ नाही. त्यामुळे हिब्रूचा शमूएल ग्रीकमध्ये ‘सामुएल’ झाला, तिथून लॅटिन आणि युरोपच्या बऱ्याच भाषांमध्ये तो ‘स’ कायम राहिला. पोर्तुगिजांमार्फत गोव्यात ‘सामुएल’ आला, इंग्रजांमार्फत आपल्याकडे ‘सॅम्युअल’. मराठी बायबलाने मात्र जुन्या करारातली नावं हिब्रू उच्चाराला धरून घेतली. म्हणून सॉलोमन तिथे शलमोन आहे, सॅमसन शमशोन, मोझेस मोशे, आयझाया यशया. नव्या करारातल्या ‘येशू’तही तो ‘श’ आहे, गोव्यातल्या ‘जेजू’त नाही. शमुवेलमधला ‘व’ हा ‘उ’ आणि ‘ए’ यांच्यामध्ये जीभ आपसूक घालते तो. बथुवेलातही तो आला, पण इम्मानुएलात का आला नाही, हे भाषांतरकारांनाच ठाऊक!

सामाजीची कथा कोकणातली. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या लोकांनी आपली हिब्रू नावं टाकली नाहीत, फक्त त्यांना मराठी पागोटं चढवलं. आयझॅकचा इसाजी, एझेकिएलचा हसाजी, सॅम्युअलचा सामाजी. शेवटचा ‘जी’ तोच, शिवाजी-संभाजीतला. एझेकिएलपासून हसाजी कसा, असं वाटेल. पण मूळ हिब्रू ‘यहेज्केल’ हळूच म्हणून पाहा, मधला ‘हेज्के’ सापडेल. आडनावं गावावरून: दिवे गावचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर. हिंदी सिनेमातले नट डेव्हिड हे पूर्ण नावाने डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

यांतले सर्वांत गाजलेले सामाजी म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. मुलगा, बाप, गाव असा चोख मराठी क्रम. इंग्रजी कागदांत हेच सॅम्युअल एझेकिएल दिवेकर होतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून लढताना ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. समाजात सांगतात की, आम्ही ‘बेने इस्राएल’ असं कैद्यांनी म्हटल्यावर टिपूच्या आईने कुराणातले ‘बनी इस्राईल’ ओळखले आणि त्यांना वाचवलं. सुटून आल्यावर सामाजींनी 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, बांधलं. त्याचं हिब्रू नाव ‘शाअर हा-रहमीम’, दयेचं द्वार. लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. सिनेगॉगला कोकणी यहुदी मशीदच म्हणत. जवळच्या मशीद स्टेशनाचं नाव यावरूनच पडलं असं सांगतात, आणि सॅम्युअल स्ट्रीट हे नावही याच सामाजींचं. इंग्रजांनी रस्त्याला ‘सामाजी’ न ठेवता ‘सॅम्युअल’ ठेवलं, त्यामुळे आज तो कोणी गोरा साहेब वाटू शकतो.

राहिला वापराचा प्रश्न. बायबलातल्या व्यक्तीबद्दल मराठीत लिहिताना ‘शमुवेल’च लिहावं आणि त्याचं सामान्यरूप करावं: शमुवेलाने, शमुवेलाला, संबोधनात ‘शमुवेला’. हे नाव मराठी गद्यात इतकं मुरलेलं आहे की ‘शमुवेलने’ कानाला खटकतं. आजच्या माणसाचं नाव सॅम्युअल असेल तर सॅम्युअलने, सॅम्युअलचा. तिथे ‘सॅम्युअलाने’ कोणी म्हणत नाही. ‘सॅम्युएल’ आणि ‘सॅम्युअल’ यांत तो माणूस स्वतः जसं लिहितो ते बरोबर. आणि जुन्या कागदात सामाजी सापडले तर ते तसेच ठेवावेत, कंसात सॅम्युअल घालून दुरुस्त करू नयेत.