जुना पियानो दाखवण्यापूर्वी

वसईतील आपल्या आजोळच्या घरातून मिळालेल्या पियानोची किंमत आपण विचारली आहे. परंतु केवळ समोरून काढलेल्या छायाचित्रावरून कोणताही जाणकार ती प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. झाकणाच्या आत कोरलेल्या पदकांवरचे १८६२ हे वर्ष अनेकांना जन्मवर्ष वाटते, प्रत्यक्षात ते त्या कंपनीला प्रदर्शनात मिळालेल्या सन्मानाचे असते. वय ठरते ते अनुक्रमांकावरून. वरचे झाकण उघडून लोखंडी चौकटीवर किंवा आतल्या लाकडावर तो शोधावा, निर्मात्याच्या नावासह त्याचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि पट्ट्या ८५ आहेत की ८८, हेही मोजून कळवावे.

माझ्या मते किंमत वयापेक्षा तारांच्या खुंट्यांवर अधिक अवलंबून असते, कारण त्या ज्या लाकडी फळीत घट्ट बसवलेल्या असतात ती आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात फुगते, नंतरच्या कोरड्या महिन्यांत आकसते, आणि अशी अनेक वर्षे गेल्यावर खुंट्या सैल होऊन सूर टिकेनासा होतो. म्हणून विकत घेणाऱ्याआधी ट्यूनरला बोलवा आणि खुंट्यांची पकड तपासून घ्या. पट्ट्या हस्तिदंती असल्यास विक्रीचा विचार करण्यापूर्वी कायदेशीर सल्ला अवश्य घ्यावा, कारण हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे.

तोवर पियानो समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी ठेवा आणि गंजलेल्या तारांना तेल मुळीच लावू नका.