पाइपचा तंबाखू घरी मिसळता येतो का? निपाणीचा तंबाखू त्यात चालेल का?

मिसळता येतो. पाइप ओढणाऱ्यांचा तो आवडता उद्योगच आहे. निपाणीचा मात्र नको. तो विडीसाठी पिकतो. उन्हात वाळवलेला, कडक आणि चुरा केलेला. बारीक चुरा पाइपात गच्च बसतो, हवा खेळत नाही, मग माणूस जोर लावून ओढतो आणि जीभ पोळते. पाइपला लांब, सुट्या पट्ट्यांत कापलेला तंबाखू लागतो.

पाया व्हर्जिनियाचा ठेवा. भट्टीच्या गरम हवेवर वाळवलेलं हे पान, साखर भरपूर, चव गोडसर. आंध्रात आणि दक्षिण कर्नाटकात हे पिकतं. एकट्यानं ओढलं की जिभेला चावतं, म्हणून जोडीला बर्ली: सावलीत वाळवलेली, जवळजवळ बिनसाखरेची.

खरी मजा पुढच्या दोन तंबाखूंत आहे. लटाकिया मूळचा सीरियाचा, नावही तिथल्या बंदराचं. पुढे सायप्रसमध्येही होऊ लागला. पानं लाकडाच्या धुरावर टांगून काळी करतात. पेरीक अमेरिकेतल्या लुइझियानाचा, सेंट जेम्स परगण्यातला. पानं व्हिस्कीच्या पिंपांत ठासून स्क्रूच्या दाबाखाली वर्षभर आंबवतात. मधूनमधून बाहेर काढून हवा देतात आणि परत दाबतात. वास आंबूस, मुरलेल्या फळाचा. हा फोडणीतल्या हिंगासारखा वापरायचा. जास्त झाला की बाकी सगळं संपलं.

सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्या. पहिलं मिश्रण १० ग्रॅमचंच करा: ७ ग्रॅम व्हर्जिनिया, २.५ बर्ली, ०.५ पेरीक. हातानं मोकळं करून काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून दोन-तीन आठवडे विसरून जा. आज मिसळलेलं आज ओढलंत तर तीन तंबाखू वेगवेगळे लागतील. पुढच्या खेपेला एकाच पानाचं प्रमाण बदला, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही. बरणीवर चिठ्ठी हवीच. ओढण्याआधी चिमटीत दाबून पाहा: सोडल्यावर हळूहळू उलगडला तर बरोबर, गोळा राहिला तर ओला; कागदावर पसरून ठेवा.

धूर छातीत न घेता तोंडातच खेळवतात, म्हणून पाइप निरुपद्रवी, असं शौकीन मंडळी सांगतात. त्यावर जाऊ नका. तोंडाचा, घशाचा कॅन्सर यानंही होतो. अजून सुरुवात केली नसेल तर माझं उत्तर वाचून करू नका.

आणि लटाकिया घालणार असाल तर त्याचा पाइप वेगळा ठेवा. पाइप बहुतेक ब्रायर नावाच्या लाकडाचे असतात; त्यात तो वास असा मुरतो की नंतर नुसता व्हर्जिनिया भरलात तरी धुरकटच लागतो. प्रयोगांना मक्याच्या बुरकुंडाचा पाइप उत्तम. अमेरिकेत मिसुरी राज्यात १८६९ पासून बनतात. ब्रायरपेक्षा खूपच स्वस्त, त्यामुळे वास बसला तर फेकताना जीव तुटत नाही.