फाऊल झाल्याचं नाटक रेफरी कसं पकडतात?

तुम्ही विचारलंय की बास्केटबॉलमध्ये धक्का न लागताच एखादा खेळाडू कोसळतो तेव्हा रेफरी काय करतात, आणि बऱ्याचदा काहीच का करत नाहीत. मी बरीच वर्षं हौशी स्पर्धांमध्ये रेफरी म्हणून उभा राहतोय, तेव्हा मैदानातून दिसतं तसं सांगतो.

आमचं खरं काम खेळाडू पडायच्या आधी झालेलं असतं. चेंडूवाला आत घुसला की माझी नजर चेंडूवर नसते, डिफेंडरच्या पायांवर आणि छातीवर असते. तो वेळेत समोर येऊन उभा राहिला का? धक्का छातीत बसला की खांदा नुसता घासून गेला? त्याआधीच त्याचं वजन टाचांवर गेलं होतं का? चेंडूमागे बघत राहिलं तर धप्पकन आवाज येतो, माणूस आडवा दिसतो आणि शिट्टी वाजून जाते. नाटक करणाऱ्याला तेच हवं असतं.

मीही असा फसलोय. डिफेंडर ओरडत पाठीवर पडला, मी चार्ज दिला, म्हणजे चेंडूवाला त्याला धडकला असा फाऊल. नंतर मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला, तर दोघांत वीतभर अंतर होतं आणि पडणाऱ्याचे दोन्ही तळवे आधीच जमिनीकडे निघाले होते. ज्याच्या नावावर मी तो फाऊल लावला, त्याचा तो पाचवा, म्हणजे सामन्याबाहेर काढणारा फाऊल होता. उरलेला सामना त्या पोराने बाकावर बसून पाहिला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

पण तळवे मागे गेले म्हणजे नाटकच, असंही नाही. चार्ज घ्यायला नीट शिकलेला खेळाडू खरा धक्का बसतानासुद्धा मार कमी लागावा म्हणून अंग सैल सोडून मागे पडतो. पडण्याच्या ढंगावरून निकाल देऊ नये, ते यासाठी.

नियमांचं म्हणाल तर फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत आधी ताकीद असते. खेळ न थांबवता रेफरी कोपरापासून हात दोनदा वर उचलून खूण करतो आणि खेळ थांबला की त्या खेळाडूला आणि त्याच्या कोचला सांगतो. ही ताकीद अख्ख्या संघाला लागू होते. पुढे त्याच संघातल्या कुणीही तेच केलं तर टेक्निकल फाऊल (धक्क्याबद्दल नाही, वागण्याबद्दल दिला जाणारा) आणि समोरच्यांना एक फ्री थ्रो. अजिबात स्पर्श नसताना अतिरेक केला, तर थेट टेक्निकलही देता येतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, 2012-13 पासून सामन्यानंतर व्हिडिओ बघून दंड व्हायचा. 2023-24 पासून सामन्यातच टेक्निकल मिळतो, समोरचे एक फ्री थ्रो घेतात. तिथे एकाच प्रसंगात खरा फाऊल आणि त्यावरचं नाटक, दोन्ही दिली जाऊ शकतात. हे मला फार पटतं, कारण बहुतेक वेळा थोडा स्पर्श झालेला असतोच, त्याचा तमाशा केला जातो.

आता शिट्टी का वाजत नाही? कारण न वाजवणं हाही निर्णयच असतो. नाटक करणारा जमिनीवर पडलेला असताना त्याचा संघ चौघांनी बचाव करतो आणि पुष्कळदा तिथेच बास्केट होते. खेळ थांबल्यावर मी जवळ जाऊन हळूच म्हणतो, "मी पाहिलंय, पुन्हा नको." बरेच जण तेवढ्यावर ऐकतात.

डोक्याला किंवा चेहऱ्याला लागलं असेल अशी जराही शंका आली, तर मात्र नाटकाचा विचार बाजूला ठेवतो, खेळ थांबवतो आणि आधी त्याच्याजवळ जातो.