किल्ल्यांचा जुडगा कुठे ठेवावा?

प्रश्न : मी वाईची निवृत्त शिक्षिका, वय ६७. बँक, वीजबिल, ईमेल, रेल्वे तिकीट, सगळीकडे माझा एकच पासवर्ड आहे आणि तो डायरीत लिहिलाय. मुलगी म्हणते, पासवर्ड मॅनेजर घे. पण ती कंपनीच फुटली तर? आणि मुख्य पासवर्ड मीच विसरले तर?

उत्तर : ताई, मुलीचं ऐका. पासवर्ड मॅनेजर म्हणजे प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड कुलूपबंद तिजोरीत जपणारं ॲप; ती तिजोरी एका मुख्य पासवर्डाने उघडते. खरा धोका डायरीपेक्षा त्या एकच पासवर्डाचा आहे. एखाद्या साडीच्या दुकानाच्या साइटवरून तो चोरीला गेला, की चोर तोच पासवर्ड आधी तुमच्या ईमेलवर लावून बघतात. ईमेल हाती आला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात.

कंपनी फुटू शकते, तुमची शंका रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, साइटचे पत्ते मात्र उघडे. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांचं कुलूपही कच्चं. म्हणून सगळा जोर तिथे लावा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या : परात, सातबारा, घुंगरू, जांभूळ, कंदील. असे, पण हे नव्हेत. अभंगाची ओळ किंवा नातवाचं नाव नको. रोमन अक्षरांत टाइप करा, आठवडाभर रोज एकदा. बोटांना सवय होते.

तरी विसराल, हे धरूनच चला. बहुतेक कंपन्यांना तुमचा मुख्य पासवर्ड ठाऊकच नसतो, त्यामुळे त्या तो परत देऊ शकत नाहीत. तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा आणि मुलीला जागा सांगा.

हे मी कळकळीने सांगते. माझे वडील गेले तेव्हा खणात त्यांची निळी डायरी सापडली. ईमेलपुढे तीन पासवर्ड, दोन खोडलेले, तिसऱ्याचा शेवटचा आकडा शाईत फुटलेला. तो १ की ७, आम्हाला कळलंच नाही. दोन्ही लावून पाहिले, चालले नाहीत. आईचे जुने फोटो त्या ईमेलमध्येच राहिले.

कोणता घ्यावा? तुमच्यासाठी मी बिटवॉर्डन सुचवेन. फुकट आवृत्ती पुरते, फोन आणि संगणक दोन्हींवर चालते. कीपासएक्ससी या दुसऱ्या मॅनेजरची पासवर्डांची फाइल आपल्याच संगणकावर राहते, पण तिची प्रत काढून ठेवणं रोजचं काम होतं. ते तुमच्या मागे लावणार नाही.

एक फायदा फार कमी जण सांगतात. वीज तोडणार असल्याच्या खोट्या मेसेजमधली लिंक उघडलीत, तर मॅनेजर पासवर्ड भरायला पुढे येत नाही, कारण साइटचा पत्ता जुळत नाही. तो गप्प बसला की तुम्हीही थांबा आणि पत्ता नीट वाचा.

यूपीआयचा पिन मात्र डोक्यातच ठेवा.

आज फक्त ईमेलचा पासवर्ड बदला, उद्या बँकेचा. बाकीचे, त्या त्या खात्यात जाल तेव्हा.