पैंजण, ताट आणि चौदा रुपये

प्रश्न : आई गेल्यावर तिच्या डब्यात पैंजणांचे दोन जोड (३४० ग्रॅम), चांदीचं ताट-वाटी (४१० ग्रॅम) आणि जुने चौदा चांदीचे रुपये निघाले. मोड करून आम्ही दोघी बहिणी पैसे वाटून घेणार आहोत. गावातल्या दुकानदारांनी सगळं एकदम काट्यावर टाकलं आणि म्हणाले, "जुनी चांदी आहे, निम्मी धरतो." आईने घेताना तर पूर्ण दराने पैसे मोजले होते. मग बाकीचं निम्मं जातं कुठे? आम्ही डबा परत आणला आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, डबा परत आणलात हे फार बरं केलंत. मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एकतीस वर्षं मोडीच्या काट्यावर बसलो, त्याआधी हुपरीला मामांच्या हाताखाली पैंजणं जोडली. तुम्हाला सांगितलेलं 'निम्मं' पैंजणांपुरतं अगदीच खोटं नाही. पण तोच न्याय ताटाला आणि रुपयांना लावला, ही उघड लूट आहे.

पैंजणाची एक कडी उजेडात धरून बघा. तिचं तोंड डाक, म्हणजे जोडायचा धातू, लावून बंद केलेलं दिसेल. हा डाक कडीच्या आधी वितळला पाहिजे, म्हणून त्यात चांदीबरोबर तांबं आणि जस्त घालतात. एका जोडात अशा कितीतरी कड्या, वर घुंगरं. शिवाय नुसत्या शुद्ध चांदीचं पैंजण पायात टिकत नाही, वाकतं, म्हणून मुळातच तांब्याची भर असते. त्यामुळे जुन्या पैंजणाचा टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती, तो साठ निघाला तरी मला नवल वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाची मेख. विकताना पैंजणाच्या सगळ्या वजनाला चांदीचा दर लागतो आणि वर मजुरी. मोडताना दर मिळतो तो फक्त टंचाला, मजुरी तर गेलीच. आईने डाकातलं तांबंसुद्धा चांदीच्या भावाने घेतलं होतं, ताई. तुमचं बरंचसं 'निम्मं' विकत घेतानाच गेलं.

लोकांना वाटतं, भाव चढला की सराफाची चंगळ. मोठ्या पेढीला चढ-उतार नकोच असतो. सकाळी मोड घेतली की तेवढाच माल ती त्याच दिवशी पुढे देते, नाहीतर वायदेबाजारात सौदा करून भाव बांधून टाकते. ती जगते घेण्या-देण्याच्या दरातल्या फरकावर, मजुरीवर आणि टंचावर, आणि तोच पैसा वर्षातून किती वेळा फिरतो त्यावर. या धंद्यात काही वाया जात नाही. भट्टीपुढची झाडलोटसुद्धा झारेकरी विकत घेतात आणि धुऊन त्यातून चांदी काढतात.

हिशेबाला सोपं जावं म्हणून दर किलोला एक लाख धरू, म्हणजे ग्रॅमला शंभर रुपये. पैंजणं साठ टंचाने २०,४०० रुपयांची, 'निम्म्या'ने १७,००० ची. ताट एकाच पत्र्याचं असतं, त्यात जोड नाही, त्यामुळे टंच चांगला निघतो. तो ९० भरला तर ताट-वाटीचे ३६,९०० होतात, दुकानदार देत होते २०,५००. खरं नुकसान इथे होतं.

रुपये तर काट्यावर टाकायचेच नाहीत. प्रत्येकावरचं साल वाचा. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. १९४० ते १९४५ च्या रुपयात ती निम्मीच, कारण युद्धाच्या काळात सरकारने चांदी कमी केली. दिसायला दोन्ही सारखेच गोल आणि वजनदार, म्हणून सगळ्यांना निम्म्याचा दर लावणं दुकानदाराला सोपं जातं. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया निघाला तर तो दुर्मीळ आहे. तो नाण्यांच्या जाणकाराला दाखवा, खोटेही फिरतात. आणि कुठलंही नाणं आटवू देऊ नका.

मोड करताना पैंजणं आणि ताट-वाटी यांचं वजन वेगवेगळं करायला लावा. ताटाला मशीनचा टंच चालेल. पैंजणाला नको, कारण मशीन वरचा पातळ थरच वाचतं आणि पॉलिश झालेलं पैंजण वरून चांगलंच दिसतं. पैंजण तुमच्यासमोर आटवायला सांगा. मुशीत, म्हणजे चांदी वितळवायच्या भांड्यात, टाकणखाराची चिमूट पडली की मळ बाजूला होतो आणि खाली चांदी आरशासारखी थरथरते. ओतून लगडी झाली की तिचं पुन्हा वजन करायचं, दोन्ही टोकांचे तुकडे काढून टंच घ्यायचा. मूस रिकामी झालेली डोळ्यांनी बघा, कडेला चिकटलेली चांदीही तुमचीच आहे. एवढं झाल्यावर दुकानदाराने शंभरामागे तीन-चार रुपये स्वतःला ठेवले तर मी त्याला बोल लावणार नाही. त्याला भट्टी आहे, माणसं आहेत. घरची जुनी चांदी विकताना जीएसटी तुम्हाला भरायचा नसतो, कोणी कापू लागला तर उठून या. पैसे खात्यावर घ्या, आणि पावतीवर वजन, टंच, दर असं वेगवेगळं लिहून घ्या.

चांदीला हॉलमार्क १ सप्टेंबर २०२५ पासून क्रमांकासह मिळू लागला, तोही ऐच्छिक. आईच्या वस्तूंवर तो नसणारच. पण पुढे मुलींसाठी काही घ्याल तेव्हा तो मागा, म्हणजे टंचाचा वाद राहणार नाही.

निघण्याआधी पैंजणं कोमट पाण्यात सोडा घालून धुवा आणि उन्हात कोरडी करा. घुंगरांत वर्षांचा मळ साचलेला असतो, आणि मळाची म्हणून जी घट धरतात ती मी तरी कधी कमी धरलेली पाहिली नाही.