‘हर्षद संख्या’मधला हर्षद कोण?

प्रश्न कोल्हापुरातल्या एका गणिताच्या शिक्षकांचा आहे. आठवीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर १,२३,४५,६७,८९० लिहिलं आणि ‘ही हर्षद संख्या’ म्हणून सांगितलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “सर, हर्षद म्हंजे त्यो शेअरवाला?” एका मुलीची शंका जास्त नेमकी होती : संख्या स्त्रीलिंगी, मग ‘हर्षदा संख्या’ का नाही?

यात माणूस कुणीच नाही. हर्ष अधिक द, आणि ‘द’ म्हणजे देणारा. वरद, सुखद, दुःखद यांतला तोच. जलद म्हणजे ढग, तोही पाणी देणाराच. (‘जलद गाडी’तला जलद निराळा, तो फारसी ‘जल्द’वरून आला.) हर्षद म्हणजे आनंद देणारी संख्या. हे नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी. ते १९८६ साली वारले आणि हर्षद मेहताचा तो शेअर घोटाळा उघडकीला आला १९९२ मध्ये, त्यामुळे मागच्या बाकाचा तर्क बाद.

मुलीची शंका संस्कृतच्या हिशेबाने रास्त आहे. तिथे ‘हर्षदा’च होईल, आणि मुलींची नावं आपण तशीच ठेवतो. पण मराठीत अशी तत्सम विशेषणं लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. आपण ‘दुःखद बातमी’ म्हणतो, ‘दुःखदा बातमी’ नव्हे. म्हणून ‘हर्षद संख्या’ बरोबर, अनेकवचनातही तसंच.

आता आनंद कशाचा, ते बघा. संख्येतले अंक मिळवायचे आणि त्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला की ती हर्षद. फळ्यावरच्या संख्येत शून्य ते नऊ सगळे अंक एकेकदा आलेत, बेरीज ४५. भाग जातो, उत्तर २,७४,३४,८४२. खरी मजा पुढे आहे. अंकांची अदलाबदल कितीही करा, बेरीज ४५च राहते, आणि ४५ म्हणजे नऊ गुणिले पाच. बेरजेला नऊने भाग जातो, म्हणजे संख्येलाही जाणारच. पाचने जायला शेवटी ० किंवा ५ हवा, बस. अशा दहाअंकी संख्या (सुरुवातीला शून्य न घेता) ६,८५,४४० होतात आणि त्या सगळ्या हर्षद! ही ६,८५,४४० मात्र स्वतः हर्षद नाही : बेरीज २७, बाकी उरते १८.

कापरेकरांचा गाजलेला ६१७४ (चार अंकांतला ‘कापरेकर स्थिरांक’ : अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत राहिलं, की सगळे अंक सारखे नसतील तर शेवटी हाच येतो) हाही हर्षदच. बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन. त्यांचं जन्मसाल १९०५ सुद्धा यात बसतं, पंधराने भाग जाऊन १२७ येतात. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

इंग्रजी पुस्तकांत याच संख्यांना ‘निव्हेन संख्या’ असंही म्हणतात. मराठीत लिहिताना हर्षदच लिहावं. ‘हरशद’ हे रोमन स्पेलिंगवरून परत मराठीत लिहिताना आलेलं रूप आहे, ते वहीत दिसलं तर सरांनी बिनदिक्कत लाल शाई वापरावी.